काकांच्या चष्म्याचा नंबर

मंडळी, आज माझी मलाच लाज वाटली.

आमच्या अंबरनाथच्या छोट्याशा मासिकात या महिन्यात शाळेतल्या शिंदेबाईंवर श्रद्धांजलीचा लेख आहे. फोटोसाठी मी बदलापूर गावात त्यांच्या घरी गेले होते. बाईंच्या यजमानांनी भिंतीवरची तसबीर उतरवून माझ्या हातात दिली. पूर्वी आम्ही असा मूळ फोटोच पाकिटात घालून प्रेसला द्यायचो. मी म्हणाले, "राहू द्या काका, मोबाइलवर काढते." काढला, व्हॉट्सॅपवर प्रेसला पाठवला आणि मोकळी झाले.

आज सकाळी अंक द्यायला गेले. छापलेल्या फोटोत बाईंचे डोळे म्हणजे नुसते दोन काळे डाग! प्रेसवाल्याला झापायला फोन काढला, तर त्याचा जुना मेसेज तसाच पडलेला: "मॅडम, फोटो फटतोय, मोठा केला की धूसर होतोय, ओरिजिनल द्या."

काकांनी पान डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"छान छापलाय गं," ते म्हणाले. "माझाच नंबर वाढलाय बहुतेक."

मी चहा पिऊन परत आले.

उद्या काका डोळे तपासायला जाणार आहेत. त्याआधी त्यांना फोन करायचाय. काय सांगू?