माझे दोन्ही हात ट्रेला होते

“ए, पाहुणे आले. चहा दे त्याईले.” सर खुर्चीतूनच बोलले.

विद्यापीठाच्या बेसबॉल स्पर्धेची गेल्या वर्षीची सेमीफायनल. शेवटचा डाव. आमची एक मुलगी तिसऱ्या बेसवर. ती होमला पोचली तर बरोबरी, आऊट झाली तर खेळ खलास. तिचे डोळे माझ्यावर. मी टोपीला हात लावला की पळायचं, कोपर धरलं की थांबायचं.

माझे दोन्ही हात ट्रेला होते. थांब म्हणून नुसती मान हलवली. तिला काय समजणार? पळाली. आऊट.

सर पाहुण्यांना म्हणाले, “झाडूवालीवर टीम सोडली की असंच होते.” पाहुणे हसले. मीही हसले. त्याची लाज अजून गेली नाही.

कागदावर कोच म्हणजे सर. चार वेळा ट्रॉफी आली, चारही वेळा बोर्डावर नाव त्यांचं. बॅट कशी धरायची हे त्यांनी एका मुलीलाही दाखवलं नाही. ते मी दाखवलं. मैदान झाडून, चुन्याच्या रेषा मारून झाल्यावर.

मी मुलचेऱ्याकडच्या खेड्यातली. आश्रमशाळेत हा खेळ शिकले, नववीत शाळा सुटली. चंद्रपुरात ओळखीचं कोणी नव्हतं, तेव्हा सरांनीच कॉलेजात कंत्राटी कामावर लावलं. ते उपकार मी विसरले नाही. म्हणूनच इतकी वर्षं सांगितलं की उठायची.

मॅच झाल्यावर ती मुलगी आली. गुडघा सोललेला.

“बाई, खूण काऊन नाई देली?”

काय सांगू? चहा वाटून राह्यली होती म्हणून?

यंदा सर स्पर्धेचा फॉर्म भरत होते. मी टेबलाजवळ गेले.

“सर, कोच म्हणून माझं नाव लिहा.”

“नववी नापास कोच? मीच ठेवलं ना तुले इथी?”

“ठेवलं, सर. उपकार आहेत. पण नापास नाई मी. शाळा सुटली.”

“काम जाईन तुझं.”

गावी आई एकटी, तिचं सगळं माझ्यावर. तरी तिथून हलले नाही. सरांनी फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला.

कामावर ठेवलं तर मैदान झाडीन. फॉर्मवर नाव नसेल तर टीमला शिकवणार नाही. मुलींना हे मीच तोंडावर सांगितलं. एक रडली. मी शब्द मागे घेतला नाही.