शेंगा एकीकडे, तिखट एकीकडे

शेंगा भाजल्याचा वास आला की मला आमच्या सोलापूरच्या घरातली ती दुपार आठवते आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी पुण्याला बी.ए. करत होते, इतिहास आणि अर्थशास्त्र असे दोन विषय मिळून एक पदवी, शेवटचं वर्ष राहिलेलं, आणि सुट्टीत घरी आले तर माढ्याहून मला बघायला पाव्हणे हजर. जेवताना मुलाचे वडील म्हणाले, "लग्नानंतर शिकू दे की, आमची ना न्हाय. पण एकच इषय. इतिहास शिकू दे, अर्थशास्त्र कशाला, पैशाचं आमचा पोरगा बघतोय." मी दाराआडून म्हणाले, "एक सोडला तर पदवीच मिळत नाही." "मिळंल की, अर्धी," म्हणून ते हसले, आमचे आप्पा मान खाली घालून जेवत राहिले, आणि माझं वर्ष गेलंच असं वाटून मला रडूच यायला लागलं. तेवढ्यात पाव्हण्यांनी आणखी शेंगाचटणी मागितली. माझी आत्या उठली, मला कॉलेजात घालू नका म्हणून वर्षभर भांडलेली हीच आत्या, आणि तिनं त्यांच्या ताटात एकीकडे भाजलेले शेंगदाणे वाढले, दुसरीकडे नुसतं लाल तिखट. "ह्यातलं एकच खावा, पाव्हणं," ती म्हणाली, "चटणीच हाय की, अर्धी." आप्पांना हसता हसता ठसका लागला. स्थळ मोडलं, मी दोन्ही विषय घेऊन पास झाले, आता शाळेत शिकवते. माढ्याहून अजून निरोप येतो, पण चटणीसाठी.