मशीन की रक्त

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि अँटिबॉडीवर आमच्या पुस्तकात जेमतेम एक धडा आहे. हे खरं तर एखाद्या डॉक्टरनं लिहायला हवं. पण रिपोर्टची वाट आम्ही बघितली, म्हणून तेवढंच लिहितो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये हँड ग्राइंडर चालवायचे. लोखंडी कास्टिंगच्या कडा घासून गुळगुळीत करायचं काम. गेल्या हिवाळ्यात त्यांची बोटं पांढरी पडायला लागली. आधी खडूसारखी पांढरी, मग निळसर, मग लाल होऊन ठणकायची. वर्कशॉपमध्ये कुणाला नवल वाटलं नाही. मशीनच्या थरथरीनं ग्राइंडर धरणाऱ्याची बोटं अशी होतातच, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

"काय भाऊ, चुन्यात हात घातला का?" शेजारच्या लेथवरचा माणूस विचारायचा.

"तंबाखू तुझी, चुना तुझा. हात तेवढा माझा," अण्णा म्हणायचे.

सुपरवायझरनं त्यांना पॅकिंगला बसवलं. मशीन सुटलं की बोटं सुधारतील, असं सगळेच म्हणाले. खोक्यांना टेप लावत बसणं अण्णांना आवडलं नाही, पण आम्ही खूश होतो. आई तर त्या मशीनला रोज शिव्या द्यायची. रोज सकाळी अण्णा नळाखाली हात धरायचे, तेव्हा मी दात घासत मोरीपाशीच रेंगाळायचो. बघतोय असं दिसू न देता बघायचो. हिवाळा सरला तरी बोटं पांढरी पडतच होती. शिवाय आता ती सुजल्यासारखी जाड झाली होती, मूठ पुरती वळत नव्हती.

शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांनी पिंपळे सौदागरला सांधेवाताच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. मी सोबत गेलो. त्यांनी अण्णांच्या नखांच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकला आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या भिंगातून बराच वेळ पाहिल्या. मग विचारलं, "आणि पायाची बोटं?"

अण्णांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "व्हतात कवा कवा. बुटात कोण बघतंय?"

"मग काका, पायानं पण ग्राइंडर धरत होता का?"

अण्णा हसले. मला हसू आलं नाही.

पहिली तपासणी एएनए नावाची, रक्ताची. या तपासणीसाठी उपाशी राहावं लागत नाही, पण अण्णा चहासुद्धा न घेता गेले. लॅबमधल्या मुलीनं सांगितलं तरी ऐकेनात. "रक्त द्यायचं म्हंजी उपाशीच," म्हणाले. त्या रक्तातला पातळ भाग काचपट्टीवरच्या पेशींवर टाकतात. जंतूंशी लढायच्या अँटिबॉडी जर आपल्याच पेशींच्या केंद्रकाला चिकटायला लागल्या असतील, तर खास दिव्याखाली ते हिरवं चमकतं. पुस्तकातलं ते चित्र मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. सुंदर वाटलं होतं तेव्हा.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. बसमध्ये मोबाइलवर वाचत राहिलो आणि माझा स्टॉप मागे गेला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे चांगल्या धडधाकट माणसातही कधी कधी सापडतं. एवढ्यावरून मी आजाराचं नाव देणार नाही. आता नेमकी कोणती अँटिबॉडी आहे ते बघू. आणि तू मोबाइल जरा खाली ठेव."

मी मान हलवली, पण मोबाइल काही खाली ठेवला नाही. धडधाकट माणसातही सापडतं, हे वाक्य मी सारखं मनात घोळवत होतो. म्हणजे अजून दोष मशीनचा असू शकतो. मशीन सोडता येतं, ते तर सोडलंच होतं. स्वतःचं रक्त माणूस कुठं सोडून येणार? जेवताना, लेक्चरला बसल्यावर, शेअर रिक्षात कोपऱ्यात आखडून बसल्यावर मी मशीनच्या बाजूनं पुरावे जमवत होतो. मध्येच बुटातली ती बोटं आठवायची आणि सगळं विस्कटायचं. घरात आई म्हणायची, "पाय हलवू नको सारखा, ताट हलतंय."

दुसरा रिपोर्ट घेऊन डॉक्टरबाईंकडे जायच्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. अण्णा म्हणाले, "मी एकटा जातो. मला काय रस्ता दिसत न्हाई का?" प्रॅक्टिकलभर मी मायक्रोस्कोपला डोळा लावून होतो, पण काय पाहिलं ते आठवत नाही. बाहेर येऊन बॅगेतला मोबाइल काढला तर अण्णांचे मिस्ड कॉल होते. जिन्यात उभं राहून फोन लावला.

"झालं का प्रॅक्टिकल?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"झालं. अण्णा, काय म्हणाल्या?"

"कातडी आवळत जायचा आजार हाय म्हनल्या. रक्तात त्याचंच निघालं. लवकर सापडलं म्हनल्या, गोळ्या दिल्यात. उद्या छातीचं स्कॅन हाय, फुफ्फुस बघायला." मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"मशीनचं न्हाई रे पोरा. आपलंच हाय."