माळ्यावरचा मसण्याऊद

एप्रिलची रणरणती दुपार, पाचही खोल्यांतल्या शेगड्या विझलेल्या, आणि तरीही माळ्यावरून हलकेच खाली उतरणारा तो दरवळ... कुणीतरी नुकताच आंबेमोहर शिजवून पातेल्यावरचं झाकण काढावं तसा. चऱ्होलीतल्या आमच्या कौलारू चाळीत मी तो पहिल्यांदा हुंगला तेव्हा नऊ वर्षांची होते. "आई, भात कुणी लावलाय?" मी विचारलं. शेंगा निवडणारे आईचे हात थांबले. कुणीच लावला नव्हता.

त्या वर्षी अजब प्राण्यांनी मला झपाटलं होतं. शाळेच्या कपाटातून मुखपृष्ठ गळालेलं एक पुस्तक मी घरी आणलं होतं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, खवल्या मांजराच्या तोंडात एकही दात नसतो, असं काय काय त्यात होतं. देवळाच्या दगडी चौकटीवरचा, पंज्यात हत्ती धरलेला शरभही माझ्या लेखी तितकाच खरा – आपल्याला अजून दिसला नाही, एवढंच.

शेजारच्या खोलीत नजमाचाची राहायच्या. युसूफचाचांचं चाकण रस्त्याला गॅरेज होतं. लग्नानंतर अकरा वर्षांनी त्यांना मुलगी झाली आणि सव्वा महिन्यात तापानं गेली. ओढ्यापलीकडच्या कब्रस्तानात तिला ठेवून आल्यापासून चाचींचं बोलणंच आटलं होतं. वाळत घातलेली इवली झबली त्यांनी दोरीवरून काढलीही नव्हती.

चाळीच्या मालकीणबाई सोनाबाई जुन्या गावातल्या. वास येताच त्यांनी पदर नाकाला लावला. "मसण्याऊद हाय त्यो. कवळा जीव पुरला की माग काढत येतोय. थडगं उकरतोय बाई!"

चाची दारातच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी काठी घेऊन त्या कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर जाऊन बसू लागल्या. ऊन डोक्यावरून उतरेपर्यंत तिथंच. चेहरा करपला, ओठांना भेगा पडल्या, सोबत नेलेली पाण्याची बाटली भरलेलीच परत यायची. आणि चाळीत तो वास रोज दुपारी दाटत राहिला. आया लेकरांना अंगणात एकटं सोडेनात.

मला मात्र माहीत होतं. पुस्तकात होतं ते – उदमांजर. अंगाला शिजल्या भातासारखा गंध, दिवसभर झोप, फळांवर गुजराण. पण त्या साध्या मांजरापेक्षा सोनाबाईंचा मसण्याऊद मला अधिक हवासा वाटत होता... भीतीत एक गोडवा असतो, तो मला सोडवेना. मी गप्प राहिले.

एका रविवारी बाबा म्हणाले, "युसूफभाई, ते जनावर यायचं बंद झाल्याशिवाय भाभी जेवायच्या नाहीत. पण शिरतं कुठून?"

दिवेलागणीला वळचणीच्या भोकातून लांब काळी शेपूट बाहेर सरकताना मी दोनदा पाहिली होती. मी बोट दाखवलं. मोठी माणसं माझ्या बोटाकडे पाहत होती. मी फुलून गेले. विटा आल्या, सिमेंट आलं, भर दुपारी भोक बुजलं. ते आत झोपलेलं असणार, हे ओठांवर आलं होतं. तेही मी गिळलं.

संध्याकाळी खरवडणं सुरू झालं. मग बारीक, पिळवटलेले आवाज. "उंदीर असतील," आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, आणि साऱ्या चाळीनं ते मानून घेतलं. तीन दिवस... चौथ्या दिवशी माळा निमूट झाला. भाताचा दरवळ गेला आणि त्याच्या जागी दुसराच वास उतरू लागला.

चाचांनीच भिंत फोडली. गोणपाटावर त्यांनी जे आणून ठेवलं ती एक राखाडी मादी होती, जेमतेम मांजराएवढी. पुढच्या पंजांची नखं उखडलेली. पोटाशी तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली.

चाची पुढे आल्या, खाली बसल्या. किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला मी! "बेटा, तुझ्या किताबमध्ये आहे का ही?"

मी वाचून दाखवलं. उंबर, आंबे, किडे. घरांच्या माळ्यावर पिल्लं घालते.

"आणि कबर?"

"कबरीचं काही नाही लिहिलेलं."

त्यांनी गोणपाट उचललं. परसात शेवग्याखाली एकटीनं खड्डा खणला, चाचांनाही हात लावू दिला नाही. पिल्लं त्यांनी पुन्हा आईच्या पोटाशी नीट लावून ठेवली. मी शेजारी उभी होते. "चाची, भोक मीच दाखवलं. ते आत असणार, हेही माहीत होतं."

माती दाबणारे हात क्षणभर थांबले. "बोलायचं होतंस, बेटा," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि पुन्हा माती दाबत राहिल्या.

त्या दिवशी त्या जेवल्या, असं आईनं नंतर सांगितलं. पावसाळ्याआधी दोघं खोली सोडून गेले, कुठे ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. चाळ कधीच पडली. शेवग्याच्या जागी आज एका गृहसंकुलाचं वाहनतळ आहे. माझ्यापाशी उरलाय तो निरोपाचा क्षण – टेम्पो सुरू झालेला, चाची शेवटी माझ्याकडे वळलेल्या, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला... आणि मला मान वर करून त्यांच्याकडे पाहता आलं नाही.