ओली गादी

“फाडा.”

गादी घेऊन कोणीही दुकानात शिरलं की चाचांचा पहिला शब्द हाच. रामराम, सलाम सगळं नंतर. जऊळक्याला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या शाळेसमोर त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान. एखादी बाई बिचारी उसवलेला कोपरा तेवढा शिवून घ्यायला यायची आणि अख्खी गादी उघडून बसायची. “वरतून काय समजते? आतून पाहा लागते,” चाचा म्हणायचे. तुमच्याही गावात असा एखादा हट्टी कारागीर असेल. आपण त्याला हसतो, आणि काम मात्र त्याच्याचकडे नेतो.

नाल्याला पूर आला त्या वर्षी खालची वस्ती पाण्यात गेली. माणसं आमच्या शाळेत आली. बिस्किटं आली, साड्या आल्या, फोटो काढणारे आले. अंथरूण कोणी आणलं नाही. चौथीच्या वर्गात पंधरा दिवसांची बाळंतीण उघड्या फरशीवर होती. मी मुख्याध्यापिका, काहीतरी करायलाच हवं म्हणून चिखलातून काढलेली तिची गादी मैदानात उन्हाला टाकली. तिसऱ्या दिवशी वरून हात फिरवला. कोरडी लागली. “सुकली गं,” मी म्हणाले. तिनं लेकराला गादीवर निजवलं.

दुसऱ्या दिवशी चाचा रजया घेऊन आले. लेकीच्या लग्नासाठी शिवून ठेवल्या होत्या, त्याच. बाळ तापलं होतं, छाती वाजत होती. चाचांनी त्याला उचलून माझ्या हातात दिलं आणि कात्रीनं गादी फाडली. आत कापसाचा काळा, ओला गोळा.

“कोन म्हने सुकली?”

मी बाळाला थोपटत राहिले. बाळाची आई म्हणाली, “मलेच वाटलं, चाचा.”

वाशिमच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी बाळ गेलं.

माती झाली त्याच्या दुसऱ्या सकाळीच चाचा शाळेत आले. “मॅडम, एक खोली द्या मले.” समोरच्या दुकानातलं पिंजायचं यंत्र तिथं आणलं. वस्तीतली प्रत्येक गादी फाडायची, कापूस वाळवायचा, पिंजून पुन्हा भरायचा. आज पूरग्रस्तांना अंथरुणं देणाऱ्या आमच्या संस्थेची सुरुवात ही एवढीच. ना नाव, ना उद्घाटन. वस्तीतल्या बायका शिवायला बसल्या. चाचांनी मलाही तिथंच बसवलं, मी सुया ओवून द्यायचे; मला दुसरं काही येतच नव्हतं. पुढे किन्हीराजाकडे, रिठदकडे कुठंही पाणी शिरलं की आम्हाला निरोप यायचा. कुजक्या कापसाची धूळ चाचांच्या छातीत बसत गेली. डॉक्टर ओरडले, लेक रडली. “थोडंच राह्यलं,” म्हणायचे.

शेवटी त्यांना आडवं होता येईना, श्वास कोंडायचा. जन्मभर लोकांची अंथरुणं भरणारा माणूस आठ दिवस खुर्चीत बसून होता. मला ते बघवेना. इतकी वर्षं लपवलेलं मी बोलून टाकलं, “चाचा, ती गादी सुकली असं मी म्हणाले होते. तिनं नाही.”

त्यांनी डोळे उघडले. दम घेत घेत म्हणाले, “मालूम हाय मले. दुकानात काय जागा नोती? तुमाले खोली काहून मांगतली मंग?”

त्याच दुपारी ते गेले. बसल्या बसल्याच.