पाकातल्या पुऱ्या आणि बहिणीचं स्थळ

साखर वाढलेली माणसं आमच्या नागपुरात गल्लोगल्ली होती. साखर कमी होणारा मी एकटाच. डॉक्टरांनी उपाशीपोटी ग्लुकोजचं पाणी पाजलं, तासातासाला रक्त काढलं आणि सांगितलं, "गोड खाल्लं की तुमची साखर चढते आणि दोन-तीन तासांनी धाडकन उतरते. रिकाम्या पोटी गोड बंद."

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "साखर कमी पडते त् गोड खा ना गा! हा कुठचा डॉक्टर होय?"

आईचं शास्त्र मला लगेच पटलं. जिभेच्या सोयीचं होतं.

तेव्हा मी तिशीचा. वडील नव्हते, म्हणून घरातला कर्ता पुरुष मीच. धाकट्या बहिणीला पाहायला कोराडीहून, वीज केंद्राच्या कॉलनीतून पाहुणे येणार होते. मुलगा तिथेच नोकरीला. एका लग्नात तिनं त्याला आधी पाहिलं होतं, आणि त्याचा विषय निघाला की ती घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची. एवढं मलाही कळत होतं.

सकाळपासून मी सतरंज्या, खुर्च्या, दूध यांतच धावत होतो. जेवण राहिलंच. दुपारी आई पाणी भरायला गेली आणि स्वयंपाकघरात पाकातल्या पुऱ्यांचं पातेलं एकटं सापडलं. एक चाखायला घेतली. दुसरी, पहिली नीट कळली नाही म्हणून. मग दाराआड उभा राहून, पाक कोपरापर्यंत ओघळेस्तोवर, मी कर्तेपण पार पाडलं.

पाहुणे आले, पोहे झाले, बहीण खाली मान घालून बसून गेली. देण्याघेण्याची बोलणी सुरू झाली आणि माझे हात कापायला लागले. शर्ट घामानं चिंब. समोर मुलाचे मामा बोलत होते. ओठ दिसत होते, शब्द पोचत नव्हते. त्यांनी बहिणीचं शिक्षण पुन्हा विचारलं, तसा मी ओरडलो, "पोरगी पाहाले आले का बैल?" पुढचं वाक्य जिभेवरच लोळलं. पाण्याचा पेला घ्यायला गेलो तो मामांच्या धोतरावर सांडला.

मामा जरा पुढे वाकले, माझं तोंड हुंगल्यासारखं केलं. "दुपारचीच घेता काय, भाऊ?"

तेवढ्यात बहीण आतून धावत आली. नवी साडी, डोक्यावरचा पदर खाली. तिनं एका हातानं माझी मान धरली आणि दुसऱ्यानं साखरेचं पाणी पाजलं. सवयीनं, एक थेंब न सांडता.

मामा मुलाला म्हणाले, "पाह्य, पोरीले रोजचं दिसून राहिलं हे."

मी भानावर आलो तेव्हा ते चपला घालत होते. आई त्यांच्यामागे अंगणात, "बिमार आहे हो तो," म्हणत होती. दारुड्याची आई दुसरं काय म्हणणार?

आई त्या दिवसापासून दृष्ट लागली म्हणायची. मी मान हलवायचो. चार दिवसांनी डॉक्टरांची चिठ्ठी खिशात घालून मी कोराडीच्या बसच्या थांब्यावर गेलो. एक बस सोडली, दुसरीही. मामा विचारणार, डॉक्टरांनी मना केलं होतं तर खाल्लं काहून? आणि मी काय सांगणार, दाराआड चोरून पुऱ्या खाल्ल्या? दारुड्या म्हणवून घेण्यात निदान काही पुरुषार्थ वाटत होता. घरी येऊन सांगितलं, बाजारात गेलो होतो.

बहिणीचं पुढे पारशिवनीला लग्न झालं. शेती आहे, माणसं चांगली आहेत. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगतो.

परवा ती माहेरी आली तेव्हा अखेर सारं बोललो: पातेलं, दार, थांबा. ती आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "पुऱ्यांची लाज वाटली तुले, दादा? दारूची नाही?"

मीही हसलो. सुटलो असं वाटलं.

मग ती पदर नीट करत म्हणाली, "त्याचं लग्न वर्षभरानं झालं. तवरिक मी वाट पाहिली. मले वाटे, दादा जाईन न् सांगून येईन."