दोन पगारांची बेरीज

मिलवॉकीच्या बस डेपोत कोणती गाडी कुणी न्यायची, हे व्हर्ना कोस्टेल्निक ठरवायची. वय एकसष्ट, आवाज घोगरा. पण शनिवारी सकाळी तोच आवाज गावभर ओळखीचा असे. गस टिमरमनच्या रेडिओ कार्यक्रमात लोक फोन करून सांगत, आपल्या बास्केटबॉल टीमनं कुणाला द्यावं, कुणाला घ्यावं. बाकीचे नुसते मनातले मांडे खात. व्हर्ना नियमानं बोले. टीमच्या एकूण पगाराला मर्यादा असते, म्हणून दिलेल्या खेळाडूच्या पगाराला घेतलेल्याचा पगार भिडवावा लागतो. दोन टीममध्ये जमलं नाही तर तिसरी टीम मध्ये घालावी लागते. "बोला, व्हर्नाबाई!" असं गस म्हणाला की तिचा आठवडा सार्थकी लागे. अकरा वर्षं हेच चाललं होतं.

डेपोतला मेकॅनिक डॉल्फ रेनक्विस्ट तिच्यासोबत डबा खायचा. गंमत म्हणून तिनंच त्याला हे सगळं शिकवलं. जानेवारीत त्यानंही फोन लावला. तीन टीमची अदलाबदल सांगितली आणि सांगता सांगता आपल्या सासूवर असा विनोद केला की गस हसून हसून खोकायला लागला. पुढच्या शनिवारी व्हर्ना बोलत असतानाच गस म्हणाला, "बरं बरं, व्हर्नाबाई, लाइनवर डॉल्फ थांबलाय."

तिनं फोन ठेवला. कॉफी तशीच गार झाली.

सोमवारी डॉल्फ हात पुसत आला. "व्हर्ना, अगं ऐकलंस का? गसनं मला बोलावलंय! बारमध्ये कार्यक्रम आहे, सगळ्यांसमोर. तू येशील ना?"

"येईन की," ती म्हणाली. अकरा वर्षांत तिला कुणी बोलावलं नव्हतं.

बार खच्चून भरला होता. व्हर्ना मागच्या टेबलावर तळलेलं चीज घेऊन बसली. डॉल्फनं लग्नातला कोट घातला होता. त्यानं बेत मांडला: आपले दोन खेळाडू द्यायचे, त्यांच्या पगारांची बेरीज करून सॅक्रामेंटोचा एक मोठा खेळाडू आणायचा, तिसरी टीम म्हणून डेट्रॉइटला मध्ये घालायचं. टाळ्या पडल्या. व्हर्नाला त्या कानशिलावर बसल्यासारख्या वाटल्या.

तेवढ्यात पुढची एक मुलगी उठली. "पण आपली टीम पगाराच्या दुसऱ्या, वरच्या मर्यादेच्याही पुढे आहे. तिथं दोन पगारांची बेरीज चालतच नाही. मग?"

डॉल्फनं हातातला कागद उलटापालटा केला. मग मान उंच करून त्यानं गर्दीतून व्हर्नाला शोधलं.

तिला उत्तर ठाऊक होतं. आणखी एका खेळाडूला शार्लटच्या टीमला देऊन टाकायचं, बदल्यात कुणालाच घ्यायचं नाही. टीम त्या मर्यादेच्या रेषेखाली येते, बेरीज चालते. एका वाक्याचं काम. तिनं चीजचा तुकडा उचलला आणि ताटलीकडे बघत राहिली.

"काय डॉल्फ, सासूला विचारायचं का?" कुणीतरी ओरडलं. बार हसला. डॉल्फही हसला, पण कान लाल झाले होते.

व्हर्नाच्या जिवाला गार वाटलं. पण तेही गाडीपाशी पोचेपर्यंतच.

सोमवारी तो नेहमीसारखा डबा घेऊन समोर बसला. "कुठं चुकलं गं माझं?"

तिनं सांगितलं. शार्लटचं, रेषेचं, सगळं. त्यानं सँडविच खाली ठेवलं.

"तिथंच माहीत होतं तुला?"

"हो."

त्यानं उरलेलं सँडविच संपवलं, कागदाची घडी केली आणि कामाला गेला. दुसऱ्या दिवसापासून तो वर्कशॉपमध्येच जेवायला लागला. रेडिओवर फोन करणंही त्यानं सोडलं.

काही आठवड्यांनी एका शनिवारी व्हर्नानं नंबर फिरवला. चार टीमची अदलाबदल तिनं नीट, एकही चूक न करता मांडली.

"छान, व्हर्नाबाई," गस म्हणाला. "तुम्ही त्याच डेपोत ना? मग आपला डॉल्फ कुठं आहे हो? लोक सारखे विचारतायत."